हक्क दिले कुणी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

स्त्रीहक्कांच्या इतिहासावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, हे तुम्ही चांगलं ऐसपैस लिहून कळवलंत. असे लेख न आवडणारे बहुतेक लोक एका ओळीत टोमणा मारून निघून जातात. तुम्ही मुद्दे मांडलेत, म्हणून उत्तरही मुद्द्यांनीच देते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ असा: इंग्लंडमधल्या बायका मतासाठी तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या, आपल्याकडे राज्यघटना आली आणि मत आयतं पदरात पडलं. शिक्षण फुल्यांनी आणि कर्व्यांनी दिलं, वारसाहक्क आंबेडकरांनी दिला. ज्या चार बायकांची नावं सारखी घेतली जातात त्या सुखवस्तू, शिकलेल्या, वरच्या जातींतल्या. सामान्य बाईचा त्यात काही संबंध नव्हता. आता तर कायदे बायकांच्याच बाजूने झुकलेत. शेवटी तुमचं आव्हान आहे, ‘एक तरी हक्क सांगा जो आपल्या बायकांनी लढून मिळवला.’

मतापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमची खात्री सगळ्यांत पक्की दिसते आणि नेमक्या तिथल्याच तारखा तुमच्या विरोधात जातात.

डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. राज्यकारभारात जे नवे अधिकार भारतीय लोकांना द्यायचे आहेत ते देताना स्त्रियांनाही ‘लोकां’त धरा, एवढी साधी मागणी होती. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. तिने स्त्रियांची मागणी फेटाळली. समाज अजून तयार नाही, असं कारण दिलं. (समाज तयार नसणं हे या देशातलं सगळ्यांत टिकाऊ कारण असावं.) त्यावर मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये थेट लंडनला गेल्या. तिथे त्यांनी खासदारांच्या भेटी घेतल्या, सभांतून बोलल्या, निवेदनं दिली. परिणाम अर्धामुर्धा झाला. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत दिलं नाही, पण प्रांतांच्या कायदेमंडळांना तसा ठराव करायची मुभा दिली. मग लढाई प्रांताप्रांतांत गेली. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांनी ठराव केले. बंगालच्या कायदेमंडळाने त्याच वर्षी नकार दिला आणि १९२५ मध्ये होकार.

हे मत फार थोड्यांना होतं, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. मालमत्तेची अट होती आणि मालमत्ता बायकांच्या नावावर होतीच किती? १९३५ च्या कायद्यानंतरही मतदार स्त्रिया साठ लाखांच्या आसपास होत्या. त्यांतल्या कित्येकींना ते मत मालमत्ताधारकाची पत्नी किंवा विधवा म्हणून मिळालं होतं. याला विरोध कुणी केला? स्त्रियांच्या संघटनांनीच. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात जिची पहिली बैठक भरली त्या अखिल भारतीय महिला परिषदेसह प्रमुख संघटनांनी ‘नवऱ्याच्या नावावर मिळणारं मत नको, राखीव जागाही नकोत, सज्ञान झालेल्या प्रत्येकाला मत द्या’ अशी भूमिका घेतली. राखीव जागा नाकारण्याच्या त्या निर्णयाबद्दल आज वाद घालता येईल, आणि मी घालेन. पण ज्यांना आयतं घ्यायची सवय असते त्या माणसांचा हा नकार नव्हे.

तुरुंगाचं म्हणाल तर आपल्याकडच्याही बायका गेल्या, फक्त मतासाठी वेगळ्या गेल्या नाहीत, देशासाठी गेल्या. आणि तिथेही त्यांना आधी भांडावं लागलं. दांडीयात्रेला निघालेल्या गांधीजींच्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. त्याबद्दल स्त्रियांनी उघड नाराजी व्यक्त केली, कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींना गाठून आग्रह धरला, आणि पुढे मिठाच्या सत्याग्रहात बायका हजारोंनी उतरल्या. त्यानंतरच्या १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात स्त्री-पुरुष असा भेद न करता समान नागरिकत्व आणि प्रौढ मताधिकार होता. घटना समितीने ज्यावर शिक्कामोर्तब केलं ते वचन जवळजवळ एकोणीस वर्षं जुनं होतं आणि वचन देणाऱ्यांना ते कुणाच्या जोरावर द्यावं लागलं ते माहीत होतं. शिवाय घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. त्यांतल्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये तिथल्या भाषणात सांगितलं की स्त्रियांनी खास सवलती कधी मागितल्याच नाहीत, त्यांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे.

आता इंग्लंडशी तुलना. तिथे १९१८ मध्ये मत मिळालं ते तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये तर १९७१! तिथे १९५९ मध्ये फक्त पुरुषांनी मतदान करून नाही म्हटलं आणि बारा वर्षांनी पुन्हा फक्त पुरुषांनीच मतदान करून हो म्हटलं. तुमच्या हिशेबाने स्विस बायकांनाही पुरुषांनीच दिलं. जगात जिथे जिथे बायकांना मत मिळालं तिथे तिथे कायदा करणाऱ्या सभागृहात पुरुषच बसलेले होते, दुसरं कोण असणार? कायद्यावर सही कुणाची, यावरून तो कुणी घडवून आणला हे ठरत नाही.

आणि मत ‘पदरात पडलं’ म्हणता, तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्यांचं काय झालं तेही बघा. नोंदणीला आलेल्या माणसाला लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. परक्या पुरुषासमोर नाव घ्यायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. यादीत नोंद झाली ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. मुदत वाढवून दिली, नावं मिळवायचा प्रयत्न झाला, तरी सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद काढून टाकावी लागली. घटनेने मत दिलेलं होतं, पण ज्या घरात बाईने नाव सांगायचं नव्हतं तिथपर्यंत ते पोचलं नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत यातली बरीचशी नावं याद्यांत आली. सेन यांनी ती सक्ती केली नसती तर ‘तमक्याची बायको’ आणखी किती निवडणुका तशीच राहिली असती कोण जाणे.

मताबद्दल एवढं पुरे. तुम्ही ‘लढून मिळवलेला एक हक्क’ मागितलात. मला त्यासाठी रखमाबाईंपेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही, म्हणून तिथे जरा थांबते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या आईकडेच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाचत वाढल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, ज्या लग्नाला तिची समजून-उमजून संमती नव्हती त्यात तिला ढकलायला त्यांनी नकार दिला. गदारोळ झाला. अपील झालं, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी कळवलं की नवऱ्याकडे जाण्यापेक्षा त्या तुरुंग पत्करतील.

त्या वेळी त्या विशी ओलांडलेल्या होत्या. पाठीशी कुठला कायदा नव्हता. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता आणि ‘केसरी’ विरोधात असणं म्हणजे काय, हे त्या काळच्या मराठी माणसाला सांगावं लागत नसे. त्यांच्याजवळ होती लेखणी. खटल्याच्या काळातच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर पत्रं आली होती, ती त्यांची होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परतून सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं स्त्रियांवर उपचार केले. दादाजी वारल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी विधवेची वस्त्रं घेतली. का, हे मला उलगडत नाही आणि त्याचा सोपा अर्थ लावणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

त्या खटल्याने आणि फुलमोणी या कोवळ्या बंगाली मुलीच्या मृत्यूने (नवऱ्याच्या शरीरसंबंधातून झालेल्या जखमांनी ती १८९० मध्ये कलकत्त्यात गेली) संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय किती असावं याचा, प्रश्न टाळता येईनासा झाला. १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं. दहावरून बारा! आणि एवढ्यासाठी देश पेटला. टिळकांचा आक्षेप परकी सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये असा होता. तो युक्तिवाद राजकारण म्हणून समजतो, पण त्याची किंमत कुणी मोजायची होती हेही समजतं.

नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद १९२३ मध्ये गेली. मालमत्तेवर टाच आणायची मात्र राहिली. आणि खुद्द नांदायला येण्याचा हुकूम देण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे, नवरा-बायको दोघांनाही ती लागू आहे. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. २०१९ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान दिलं गेलं. म्हणजे तुम्ही विचाराल ‘मग रखमाबाईंनी मिळवलं काय?’ तर स्वतःची सुटका मिळवली, आणि लग्नात मुलीच्या मर्जीला काही अर्थ आहे हा प्रश्न कोर्टाच्या कागदावर आणून ठेवला. त्याआधी तो तिथे नव्हता.

फुले-कर्व्यांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली ती जोतीरावांच्या धैर्यामुळे, हे मी शंभरदा म्हणेन. पण त्या शाळेत रोज जाऊन शिकवत होत्या सावित्रीबाई, आणि वाटेत अंगावर चिखल-शेण झेलत होत्या त्याही सावित्रीबाईच. कर्व्यांचं बघा. त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे लग्नाआधीच्या गोदूबाई, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ते सदन रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलं. कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम निघाला १८९६ मध्ये. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, त्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्व्यांचं मोठेपण यात कमी होत नाही. पण ‘कर्व्यांनी दिलं’ या दोन शब्दांत पार्वतीबाईंची सगळी पायपीट पुसली जाते, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

रमाबाईंनी तर १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षक आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हवेत हे सांगितलं. पुढे शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. सुधारक पुरुषांचा पाठिंबा खरा होता. तो काढूनही घेता येत होता.

आता तुमचा ‘चार सुखवस्तू बायका’ हा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि टाटा मायलेकी लंडनची बोट पकडू शकल्या त्याचं कारण पैसा हेच. पण ही यादी चार नावांची का दिसते? ज्यांनी लिहून ठेवलं त्यांची नावं पुढे आली, आणि ज्यांचं छापलेलं कुणी जपलं नाही त्यांची गेली. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कुठला, असं विचारणारा. त्यातच मांग-महार बायकांना उघड्यावर बाळंत व्हावं लागतं त्याचंही वर्णन आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचं. बाळाला मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली गेली होती आणि वर्तमानपत्रं बाईच्या जातीला शिव्या घालत होती. ताराबाईंनी विचारलं, हे सगळे दुर्गुण पुरुषांत नाहीत का? पुस्तकावर इतकी टीका झाली की त्यांनी पुन्हा काही छापल्याचं दिसत नाही. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. पुस्तक मात्र लोक विसरले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. सुमारे नव्वद वर्षं ते असून नसल्यासारखं होतं. या काळात जन्मलेल्या कुणीही ‘आपल्या बायकांनी काही मागितलंच नाही’ असं म्हटलं असतं, तर त्याच्या समोर ठेवायला ते पुस्तक हाताशी नव्हतं.

आणि २० जुलै १९४२. नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. आंबेडकरांनी तिथे भाषण केलं, ते बरेच जण उद्धृत करतात. ठराव फार कमी जण वाचतात. बायकांनी तिथे घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला. एकाहून अधिक बायका करण्याची पुरुषांची चाल कायद्याने बंद करा म्हणाल्या. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी रजा आणि पेन्शन मागितलं. हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंचे लग्न, घटस्फोट, वारसा यांचे कायदे बदलणारं विधेयक, आंबेडकरांनी संसदेत नेटाने रेटायला सुरुवात केली त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. ‘आंबेडकरांनी दिलं’ हे वाक्य अपुरं आहे असं मी म्हणते ते यासाठी. त्यांनी बिलासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, एवढी किंमत मोजणारा दुसरा नेता मला दिसत नाही. पण त्यांच्यामागे मागणी करणाऱ्या बायका उभ्या होत्या, आणि त्या सुखवस्तू नव्हत्या. (बिलाला विरोध करणाऱ्यांतही बायका होत्या. त्याही खऱ्याच होत्या. सगळ्या बायका एका बाजूला असा इतिहास कुठेच सापडत नाही.)

पुढची उदाहरणं भराभर सांगते. गिरणगावात उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका संपात पुढे होत्या. १९६६ च्या एप्रिलमध्ये समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाक बंद करा अशी मागणी केली. अवघ्या सात जणी. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक रद्दबातल ठरवला तो २०१७ मध्ये, तोही तलाक दिला गेलेल्या बायकांनीच केलेल्या याचिकांवर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या भागात भिल्ल बायकांनी दारूचे अड्डे फोडले. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला शेतकरी बायका प्रचंड संख्येने आल्या आणि त्यानंतर काही वर्षांत बायकोच्या नावावर जमीन करण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम गावागावांत निघाली. यांतली एकही बाई तुमच्या ‘चार’मध्ये बसत नाही.

राहता राहिला ‘झुकलेल्या कायद्यां’चा मुद्दा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे एका कायद्यापुरतं बोलते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच मिळणारा हक्क मुलाकडेच ठेवला. हिंदू कोडवर झालेल्या तडजोडींपैकी ही एक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा येताना वडील हयात असणं गरजेचं होतं का, यावर न्यायालयांत घोळ चालू राहिला आणि तो सुटायला २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. १९५६ ते २०२०. आणि इतकं होऊनही तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की सही न करणारी बहीण भावाच्या दारातून कायमची जाते. कायदा झुकलेला असेल तर त्याचं झुकणं त्या दस्तावर दिसत नाही.

एक विनंती तुम्हाला आणि बाकी वाचकांनाही. १९४२ च्या नागपूर परिषदेला गेलेल्या बायकांविषयी घरात काही ऐकलेलं असेल, एखादा फोटो, पत्रक, वर्गणीची पावती असेल, तर कळवा. पुढचा लेख त्या परिषदेच्या ठरावांवर लिहिते आहे. तुमचे आक्षेप तिथेही वाचायला आवडतील.